परसबागेची माती आणि सामूमापक

(व्याख्यानाचा मजकूर)



परसबाग हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शालेय परसबागांना स्थान मिळाले आहे. कामठीसारख्या गावात अंगणातील चार वाफे, गच्चीवरील कुंड्या आणि शाळेच्या आवारातील पालक-मेथी यांतून घरच्या ताटाला आणि मुलांच्या आहाराला हातभार लागतो. या बागांबरोबर एक उपकरणही घरोघरी येऊ लागले आहे. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे मान, दाखवणारा हा सामूमापक पेनाएवढा असतो आणि काही शे रुपयांत मिळतो. मात्र पडद्यावर आकडा उमटणे वेगळे आणि तो आकडा खरा असणे वेगळे. खोट्या आकड्यावर विसंबून केलेला उपचार मातीला पुढे कित्येक हंगाम भोवतो. म्हणूनच या उपकरणाची निवड व वापर यांचा विचार अगत्याचा आहे.

सामूची कल्पना

सामूची मोजपट्टी डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ७ हा आकडा उदासीनतेचा. त्याखाली आम्लता व त्यावर विम्लता. या पट्टीवरील एकेक पायरी दहापटीची असते. सामू ८ असलेल्या मातीहून ९ सामूची माती दहापट विम्ल असते. अर्ध्या अंकाचा फरक क्षुल्लक मानता येत नाही, तो यामुळेच.

मापकाचा जन्म फळांच्या व्यवसायातून झाला, ही गोष्ट संत्र्याच्या मुलखाला विशेष रुचावी. कॅलिफोर्नियातील फळबागायतदारांच्या संस्थेला लिंबाच्या रसाची आम्लता अचूक मोजावयाची होती. त्या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञाच्या अडचणीवर तोडगा म्हणून अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये काचेचा इलेक्ट्रोड व विद्युत्संकेत वाढवणारे यंत्र एकत्र जोडून हे साधन सिद्ध केले. आजच्या पेनासारख्या मापकातही तोच काचेचा नाजूक बल्ब काम करतो. मापकाचे खरे मोल या बल्बात असते, पडद्यात नव्हे.

कामठीच्या मातीचा स्वभाव

कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये छावणी म्हणून वसलेल्या कामठीचे नाव भूशास्त्रात गोंडवन काळातील वालुकाश्मांना मिळालेले आहे. परंतु परिसरातील शेतांची ओळख आहे ती काळ्या मातीची. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली ही माती जुन्या महसुली दप्तरांत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा नावांनी नोंदलेली आढळते. मोरंड म्हणजे चुनखडीचे खडे मिसळलेली माती. नदीकाठी गाळाची कचार आढळते. काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो.

बहुतेक भाज्यांना ६ ते ७.५ सामू मानवतो. सामू वाढला की लोह, जस्त व मंगल ही सूक्ष्मद्रव्ये मातीत असूनही मुळांना मिळेनाशी होतात आणि स्फुरद चुन्याशी बांधले जाते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या अभावाचे लक्षण. पण माळी नत्राची उणीव समजून युरियाची मूठ टाकतो आणि रोग तसाच राहतो. काही पुस्तकांत वाफ्यात चुना टाकण्याचा सल्ला असतो. तो कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी मातीसाठी योग्य आहे. कामठीच्या चुनखडीयुक्त मातीत तो आगीत तेल ओतण्यासारखा ठरतो.

त्याहून महत्त्वाचा भेद पुढे आहे. केवळ चुनखडीमुळे विम्ल झालेल्या मातीचा सामू बहुधा ८.४ च्या आसपास थांबतो. तो ८.५ च्या वर गेला तर मातीत सोडियम साचल्याचा संशय घ्यावा लागतो. विदर्भातच पूर्णा नदीच्या खोऱ्यात अशा क्षारयुक्त व चोपण जमिनीचा मोठा पट्टा आहे. चुनखडीच्या मातीला जिप्समचा काही लाभ नाही. सोडियमच्या मातीला मात्र जिप्सम आणि पाण्याचा निचरा हाच उपाय. ८.२ आणि ८.८ या दोन आकड्यांतील अंतर ज्या मापकाला ओळखता येत नाही, तो मापक या प्रदेशात निरुपयोगी समजावा.

मापकाची निवड

बाजारात तीन प्रकार आढळतात. पहिला, मातीत खुपसावयाच्या दोन धातूंच्या सळयांचा, बॅटरीविना चालणारा. दोन धातूंमधील अल्पसा विद्युत्प्रवाह त्याचा काटा हलवतो. हा प्रवाह ओलावा व क्षार यांवरही अवलंबून असल्यामुळे पाणी घातल्यावर तोच काटा निराळे सांगतो. यावर पैसे खर्च करू नयेत. दुसरा, काचेच्या बल्बाचा पेनासारखा मापक. तिसरा, तारेने जोडलेल्या स्वतंत्र इलेक्ट्रोडचा मेजावरील मापक.

पेन घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पडद्यावर दशांशाची दोन स्थळे दिसतात की नाही हे गौण आहे, अचूकता ०.१ अंकाच्या आत असली की परसबागेला पुरे. दोन ठिकाणी जुळवणी करता यावी. इलेक्ट्रोड बदलता यावा, कारण वापरानुसार तो वर्ष-दोन वर्षांत थकतो. चौथी गोष्ट बहुधा नजरेआड होते: जुळवणीची द्रावणे कोणती मिळतात? स्वस्त पेनासोबत अनेकदा ४ आणि ६.८६ सामूच्या पुड्या येतात. कामठीची माती या दोहोंच्या पलीकडे आहे. म्हणून ९.१८ ची पुडी मागून घ्यावी आणि जुळवणी ६.८६ व ९.१८ या दोन आकड्यांवर करावी.

शाळेच्या प्रयोगशाळेत शुद्ध टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, असल्यास ३.८१ ग्रॅम घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर द्रावण करावे. २५ अंश सेल्सिअसला त्याचा सामू ९.१८ असतो, ४० अंशाला तो ९.०७ वर उतरतो. नागपूरच्या वैशाखात हा फरक ध्यानात ठेवावा. मापकातील तापमान-दुरुस्ती इलेक्ट्रोडपुरती असते, द्रावणाचा बदललेला सामू ती सावरीत नाही. वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये. हवेतील कर्बवायूने ते बिघडते.

मोजण्याची रीत

काचेचा बल्ब मातीत खुपसू नये, तो तडकतो. वाफ्यातील सहा-आठ ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र करावी, सावलीत वाळवून चाळावी. नुकतेच खत टाकलेली जागा टाळावी. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून अर्धा तास अधूनमधून ढवळावे. नळाचे वा विहिरीचे पाणी वापरल्यास त्यातील क्षार मोजमापात शिरतात. प्रथम जुळवणी, मग मोजणी हा क्रम कधीही मोडू नये. आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरावा. दोन मोजण्यांच्या मध्ये बल्ब धुऊन कागदाने हलकेच टिपावा, घासू नये. काम संपल्यावर तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा; कोरडा ठेवल्यास वा ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवल्यास त्याचे आयुष्य घटते.

आकडा हाती आल्यावर

आकडा ८.२ आला म्हणून तो ७ वर आणण्याचा हट्ट धरावा काय? थोडे गणित करावे. दहा चौरस मीटर वाफ्यातील १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे दोन टन भरते. त्यात एक टक्का चुनखडी असली तरी ती २० किलो झाली, आणि ती पूर्णपणे निष्प्रभ करण्यास सुमारे साडेसहा किलो गंधक लागेल. चुनखडी पाच टक्के असल्यास गंधक ३२ किलो. मातीवर लिंबाचा रस पिळून फेस उठला, तर हा प्रयत्न वायफळ ठरेल हे उपकरणाविनाही कळते. अशा ठिकाणी शेणखत व कंपोस्ट भरपूर घालावे आणि या मातीत रुळलेल्या भाज्या निवडाव्यात. पाने पिवळी पडल्यास लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून सायंकाळी फवारावे. कुंडीची गोष्ट वेगळी. तेथे माती मोजकी असल्याने मिश्रण बदलणे आवाक्यात असते. मातीविना पाण्यावर भाजी वाढविणाऱ्यांना तर द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ दरम्यान राखण्यासाठी मापक नित्य लागतो.

आकडा ८.५ च्या वर गेला, तर मात्र घरच्या मोजणीवर निर्णय घेऊ नये. तो नमुना जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामूसह बारा घटकांची तपासणी ठरविलेली आहे. घरच्या मापकाचे काम संशय दाखविण्याचे, निवाडा प्रयोगशाळेचा.

घरटी एक स्वस्त, न जुळवलेला पेन घेण्याऐवजी गावाच्या शाळेत एक चांगला मेजावरील मापक, तीन द्रावणे आणि मोजणीची एक वही असावी, हे अधिक हिताचे. विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी शेजारपाजारच्या परसबागांचे नमुने तपासतील. स्थानिक स्वराज्य संस्थेने द्रावणांचा व दोन वर्षांनी नव्या इलेक्ट्रोडचा खर्च अंदाजपत्रकात धरावा; मापक घेऊन ही तरतूद विसरली, तर तो कपाटातील शोभेची वस्तू होतो. वहीत दर नोंदीपुढे जुळवणीची तारीख लिहिलेली असावी. ज्या आकड्यापुढे ती तारीख नाही, त्याच्या भरवशावर मातीत काहीही टाकू नये.