घटक की कृती?

संकेतस्थळ उभारणाऱ्याला पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच एक निवड करावी लागते: फ्रेमवर्क, म्हणजे चौकट, कोणती घ्यावयाची? प्रत्येक संकेतस्थळाला लागणारी नित्याची कामे आधीच करून ठेवणारा हा सांगाडा. त्यांत दोन घराणी आहेत. जावा भाषेपुरते बोलावयाचे तर स्ट्रट्स आणि स्प्रिंग एमव्हीसी कृतिप्रधान. जेएसएफ, विकेट आणि टॅपेस्ट्री घटकप्रधान. हा वाद केवळ आवडीनिवडीचा आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते तो स्मृतीचा आहे.

तो कसा, ते पाहू. ब्राउझर आणि सर्व्हर यांचा संवाद ज्या एचटीटीपी नावाच्या नियमांनी चालतो, ते मुळातच विसराळू आहेत. टपालकचेरीच्या खिडकीवर आपण तिकीट मागतो, कारकून देतो, व्यवहार संपतो. पुन्हा खिडकीशी गेलो की आपण त्याला नवेच. कृतिप्रधान चौकट हा विसराळूपणा आहे तसा पत्करते. विनंती आली, तिचा पत्ता पाहिला, त्या पत्त्यावर नेमलेली कृती चालविली, पान धाडले, संपले. मधले काही लक्षात ठेवावयाचे असेल, तर ती तजवीज ज्याची त्याने करावी.

घटकप्रधान चौकटीला हा रूक्षपणा मान्य नाही. बटण, रकाना, तक्ता असे घटक मांडा, बटण दाबल्यावर काय व्हावे तेवढे सांगा, बाकीचे मी पाहते, असे तिचे आश्वासन. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एएसपी डॉट नेटबरोबर वेब फॉर्म्स आणले, ते व्हिज्युअल बेसिकमध्ये रुळलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल अशाच घाटाचे. जेएसएफची पहिली आवृत्ती २००४ सालची.

परंतु विसराळू नियमांवर स्मरणशील पडद्याचा आभास उभा करावयाचा, तर ती स्मृती कोठेतरी साठविली पाहिजे. वेब फॉर्म्सने ती पानातच, व्ह्यूस्टेट नावाच्या अदृश्य रकान्यात दडविली. मोठा तक्ता असला की हा रकाना असा फुगे, की दिसणारा मजकूर थोडा आणि ओझेच फार. आणि बटणागणिक ते ओझे सर्व्हरकडे परत जाई. जेएसएफमध्ये स्मृती पानात ठेवता येते किंवा सर्व्हरवर. सर्व्हरवर ठेवली की तिला मुदत येते. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरता भरता एखादी विद्यार्थिनी दाखल्याचा क्रमांक शोधावयास उठते, तासाभराने परतते, बटण दाबते, आणि पानाची मुदत संपल्याचा निरोप येतो. लिहिलेले सारे गेले! लॉगिनची मुदत कृतिप्रधान चौकटीतही संपते, हे खरे. पण तेथे निदान पानाचे अस्तित्वच सर्व्हरच्या आठवणीवर टांगलेले नसते.

शिवाय जेएसएफमध्ये विनंती सहा टप्प्यांतून जाते: पडदा पुन्हा उभारणे, मूल्ये घेणे, ती तपासणे, नमुन्यात भरणे, कृती चालविणे आणि उत्तर रंगविणे. नवशिक्याचे बटण मुकाट राहिले, तर दोष बहुधा तिसऱ्या टप्प्यात असतो आणि तो बिचारा पाचव्यात शोधीत बसतो.

म्हणून घटकप्रधान चौकट टाकाऊ मानावी काय? मुळीच नाही. कचेरीच्या आतील काम, वापरणारी माणसे मोजकी, पडद्यावर तक्तेच तक्ते, राज्य निवडले की जिल्हे बदलावयाचे आणि जिल्ह्यावरून तालुके: हे सारे कृतिप्रधान चौकटीत हाताने विणणे म्हणजे शुद्ध हमाली. मात्र ज्या दारी अनोळखी लोकांची रीघ लागणार, तेथे मी कृतीकडेच झुकेन. मायक्रोसॉफ्टनेही २००९ साली एएसपी डॉट नेट एमव्हीसी काढून दुसऱ्या घराण्याशी सोयरीक केली, आणि २०१६ सालच्या डॉट नेट कोअरमध्ये वेब फॉर्म्सना जागा दिली नाही. घटकांची कल्पना मात्र मेली नाही. तिने घर बदलले. २०१३ साली खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टमध्ये घटक मुख्यतः ब्राउझरात राहतात, म्हणजे बटण दाबणाऱ्या माणसाशेजारीच.

ज्यांना आज निवड करावयाची आहे, त्यांनी एकच खरा अर्ज दोन्ही चौकटींत लिहून पाहावा. तो एकाच वेळी दोन टॅबांत उघडावा, मध्येच मागे जाण्याचे बटण दाबावे, अर्धा भरून जेवावयास जावे, आणि परत येऊन धाडावा.