बुडालेल्या रोजाचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने लहान मुलांच्या पायांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण हा विषय माझ्याच प्रांतातला आहे, हे मला फार उशिरा उमगले.

आत वळलेल्या पावलांचे मूल जन्मले की आपल्याकडे आधी आईची उलटतपासणी होते : ग्रहणात भाजी चिरली होतीस काय? वस्तुतः हजार जन्मांमागे साधारण एका मुलाला हे व्यंग असते, आणि ग्रहणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले स्पॅनिश डॉक्टर इग्नासिओ पॉनसेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्यावर एक साधी पद्धत बसविली. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पाऊल हाताने हलके हलके वळवायचे, प्लॅस्टर घालायचे आणि दर आठवड्यास ते बदलायचे; असे पाच-सहा वेळा. मग बहुधा टाचेमागच्या कंडरेला एक लहानसा छेद आणि तीन आठवड्यांचे अखेरचे प्लॅस्टर. मोठी शस्त्रक्रिया सहसा टळते. काम मात्र तेथे संपत नाही. दांडीने जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ अहोरात्र, आणि पुढे मूल चार-पाच वर्षांचे होईतो झोपेत घालावे लागतात. ते सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते.

आता हिशेब पाहू. प्लॅस्टर स्वस्त आहे. महाग आहे तो आठवड्यातला एक दिवस. धारणीहून अमरावतीस यायचे म्हणजे मेळघाट उतरून एस.टी.चा लांबचा प्रवास. कापूस वेचणारीची मजुरी किलोवर. ती वावरात गेली नाही तर हाती शून्य. सोबत सासू आली तर दोन रोज बुडाले. माझ्या परिचयातील एका मजूर बाईने तिसऱ्या प्लॅस्टरनंतर येणे सोडले, तेव्हा मी तिला निष्काळजी म्हटले होते. ज्याला मी वर्षानुवर्षे फळ्यावर 'संधिव्यय' म्हणून लिहिले, तो तिने बिनचूक मोजला होता!

पोलिओचे उदाहरण घ्या. देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. ते यश मिळाले, कारण डोस घराच्या दारी गेला. येथे मुलाला दवाखान्याच्या दारी जावे लागते, तेही पुनःपुन्हा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आहे, वाकडी पावले त्या यादीत आहेत, उपचारही मोफत आहेत. परंतु मोफत उपचाराचीही किंमत असते, ती आई भरते.

यावर नवा शोध लावण्याची गरज नाही. आदिवासी भागात कुपोषित बालकाला रुग्णालयात ठेवल्यास पालकास 'बुडीत मजुरी' देण्याचे तत्त्व नवसंजीवन योजनेत शासनाने मान्यच केले आहे. तेच तत्त्व प्लॅस्टरच्या दिवसाला लावा, आणि फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून एक वार तालुक्याच्या रुग्णालयात बसवा, एवढीच आपली मागणी असावी.

अकोट, दर्यापूर आणि धारणी येथील कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात हा माणूस कोणत्या वारी येतो, की येतच नाही, हे महिनाअखेर मला लिहून कळवावे.