टपालानं मत: कुणाला मिळतं, कुणाला नाही
(केंदूर, ता. शिरूर येथील युवक मेळाव्यातील भाषण)



मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आलाय. ते मी पुन्हा सांगणार नाही. मला बोलायचंय ते मत द्यायची इच्छा असलेल्या, पण मतदानाच्या दिवशी गावात नसलेल्या माणसाबद्दल. केंदूर-पाबळकडच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी चाकणला, पुण्यात, मुंबईत नाहीतर आखातात कामाला आहे. 2024 ला शिरूर लोकसभेचं मतदान 13 मे रोजी झालं, सोमवारी. आकडा 54 टक्क्यांच्या आसपास गेला. बाकीचे सगळे आळशी, असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायला कायदा सांगतो, रोजंदारीवालाही त्यात येतो. पण गाडीभाडं कायदा देत नाही, आणि दुबईहून सोमवारपुरतं कुणी येत नाही.

मग टपालानं मत का पाठवता येऊ नये? अमेरिकेत हा वाद थेट राज्यांच्या घटनांपर्यंत गेलाय. ओरेगनमध्ये लोकांनी 1998 मध्ये कौल देऊन सगळं मतदानच टपालावर नेलं. न्यूयॉर्कमध्ये मात्र, कारण न सांगता टपालानं मत देता यावं म्हणून 2021 मध्ये घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवली, ती त्यांनी फेटाळली. कनेक्टिकटनं 2024 च्या नोव्हेंबरात तशीच दुरुस्ती मंजूर केली. तिथं राज्याच्या घटनेतच कुठली कारणं चालतील हे लिहिलेलं होतं, म्हणून दुरुस्ती लागली.

आपल्याकडे घटनेला हात लावायची गरजच नाही. कलम 326 प्रौढ मताधिकार देतं, आणि मत कसं घ्यायचं ते कलम 327 नं संसदेवर सोपवलंय. टपाली मताची यादी 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आणि 1961 च्या नियमांत आहे. त्या यादीत कोण आहे? सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेले, अत्यावश्यक सेवेतले ठरावीक लोक. 2019 मध्ये 80 वर्षांवरचे आणि दिव्यांग आले. 2024 मध्ये वयाची अट 85 केली. ऊसतोड कामगार यादीत नाही. हजला गेलेला नाही, पंढरीला गेलेलाही नाही. परदेशातल्या भारतीयाला 2010 च्या दुरुस्तीनं यादीत नाव मिळालं, पण मत द्यायला विमानानं यायचं! त्याच्या वतीनं दुसऱ्यानं मत द्यावं, असं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबर संपलं. स्थलांतरितांसाठी आयोगानं 2022 च्या डिसेंबरात एक यंत्र जाहीर केलं, एका केंद्रावरून 72 मतदारसंघांची मतं घेणारं. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, गाडी तिथंच थांबली.

आणखी एक गोष्ट, आपल्या समाजाला जवळून माहीत असलेली. कच्चा कैदी, म्हणजे ज्याच्यावर गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, त्याला कलम 62(5) मुळे मत देता येत नाही. सुप्रीम कोर्टानं 1997 मध्ये हे कलम कायम ठेवलं. तोच माणूस जामिनावर सुटला तर रांगेत उभा राहू शकतो. म्हणजे जामिनाचे पैसे ज्याच्याकडे आहेत, त्याचं मत शाबूत. ही गोष्ट मला टपालाच्या प्रश्नापेक्षाही जास्त टोचते.

तरीही, सगळ्यांना सरसकट घरी मतपत्रिका पाठवा, असं मी म्हणणार नाही. माझ्या काही मित्रांना हे आवडत नाही. पण मतदान केंद्रातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाचा विचार करा. आपल्या किती घरांत अम्मीला, भाभीला, नव्या सुनेला दिवसभरात अशी एक जागा मिळते, जिथं अब्बा नाहीत, शौहर नाही, मोहल्ल्याचा पुढारी नाही? तिथं ती कुठलं बटण दाबते ते कुणाला कळत नाही. मतपत्रिका घरी आली, की चहाच्या कपाशेजारी घरातला कर्ता माणूस सगळ्यांच्या पत्रिका भरून टाकील. हे फक्त मुसलमानांच्या घरात घडेल असं नाही, पाटलांच्या वाड्यातही घडेल. म्हणून माझी मागणी वेगळी आहे: गावाबाहेर असलेल्याला कारण न विचारता मत देता यावं, पण जिथं तो राहतो तिथल्या तहसील कचेरीतल्या केंद्रावर, आठवडाभर आधी, आडोशामागे. निवडणूक कर्मचाऱ्यांसाठी अशी केंद्रं आयोग चालवतोच. शिवाय नुसत्या टपालात घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन राहिलं तर मत बाद होतं, तो धोकाही टळेल.

हे होईल तेव्हा होईल. आज हातात काय आहे? नोकरीच्या गावी कायम राहत असाल तर नमुना 8 भरून नाव तिकडे न्या. दोन ठिकाणी ठेवू नका, तो गुन्हा आहे. तात्पुरते गेला असाल तर नाव इथंच राहू शकतं, कलम 20 तसं सांगतं. आणि घरात 85 च्या पुढची दादी किंवा 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेलं कुणी असेल, तर बीएलओकडून नमुना 12-ड घ्या. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो पोचला पाहिजे. मग पथक घरी येतं, चित्रीकरण होतं, पण मत देताना आडोसा दादीचाच असतो. त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर उभे राहा. आणि एकदा 12-ड मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे तिला आधी सांगून ठेवा.