बंदूक वावरासाठी, पण राहते घरात

आजचा विषय राजूरच्या एका श्रोत्याने दिला. वणी तालुक्यातलं, कोळसा खाणींचं राजूर. तो विचारतो, "भाऊ, रात्री जागलीला जातो. रानडुकरं तूर लोळवतात, वाघाची भीती वेगळीच. घरी एक बंदूक असली तर काय वाईट?"

भीती खरी आहे, त्यामुळे प्रश्नही खरा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची सोय आहे. वय २१ पूर्ण हवं, पोलीस चौकशी होते. पण हा परवाना बंदूक बाळगायचा, जनावर मारायचा नाही. रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आणि वाघ? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना मारला गेला तर तो गुन्हा नाही. पीक वाचवायला मारला तर गुन्हा.

बरं, अंधारात नेम लागेल? आपल्याच जिल्ह्यातली अवनी वाघीण आठवा. १३ बळी तिच्या नावावर सांगितले जात. कॅमेरे लावले, हत्ती आणले, नेमबाज बोलावले, तरी ती महिनोन्‌महिने सापडली नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली, आणि त्या गोळीवरूनही वाद झाला. मग दिवसभर राबून जागलीवर पेंगणाऱ्या आपल्या माणसाचं काय?

म्हणजे वावरात फायदा थोडा. आता घरात या. बंदूक रात्री दोन-चार तास वावरात असेल, बाकी वेळ घरातच. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून त्यांच्या पायात घुसली. चोर नव्हता, भांडण नव्हतं.

आणि एक गोष्ट, जी आपण यवतमाळकर बोलायचं टाळतो. नापिकी, कर्ज, घरातला अबोला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. वाईट विचाराची वेळ बऱ्याचदा टळून जाते. कोणी हाक मारतं, कोणी जवळ येऊन बसतं, माणूस वाचतो. हाताशी बंदूक असली तर ती सवड मिळत नाही.

म्हणून माझं मत सांगतो. आधी सौर झटका मशीन बघा. पण थेट लाइनचा करंट तारेत सोडू नका, त्यात माणसं मरतात. जागलीला एकटे जाऊ नका. नुकसान झालं की वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

घरी आधीच बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. घरात कोणी खचलेलं दिसलं तर बंदूक घरात ठेवूच नका, पोलीस ठाण्यात जमा करायचं विचारा. आणि त्या माणसाशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. आत्ताच सेव्ह करा.

राजूरच्या भाऊ, वावर राखायचंच आहे. पण आधी घर राखू. भेटू पुढच्या भागात!