सिकंदर नावाचा माणूस

माझ्या वडिलांचं नाव सिकंदर. मिरजेच्या बाजारात त्यांचा केळीचा गाडा होता. नावामागची हकिगत अशी, की आमच्या आजोबांनी कोल्हापुरात सोहराब मोदींचा 'सिकंदर' हा बोलपट पाहिला. १९४१ सालचा तो बोलपट. पृथ्वीराज कपूर सिकंदर झाले होते आणि स्वतः मोदी पोरस. आजोबा दोनदा पाहून आले, म्हणे. पुढच्या वर्षी मुलगा झाला तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. अब्बांना या नावाचा भारी अभिमान. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायचे, "सिकंदरचा गाडा आहे हा, इथं हार नाही."

मॅसिडोनियाच्या पेल्ला या गावी इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये जन्मलेल्या एका राजपुत्राचं नाव मिरजेच्या केळीच्या गाड्यापर्यंत कसं आलं, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आजही वाटतं.

वडील फिलिप यांचा खून झाला, तेव्हा अलेक्झांडर वीस वर्षांचा होता. हाताशी बापानं घडवलेली फौज होती. पंधरा-अठरा फूट लांबीचे भाले धरून चालणारं पायदळ समोरच्याला अडवून धरायचं आणि उजव्या बाजूचं घोडदळ नेमक्या फटीतून आत शिरायचं. ग्रॅनिकस, इसस, गॉगमेला या तिन्ही लढाया थोड्याफार फरकानं याच रीतीनं जिंकल्या गेल्या. गॉगमेलाची लढाई ३३१ सालची. तिथं इराणचा बादशहा दारा रण सोडून पळाला आणि दोनशे वर्षांचं साम्राज्य कोसळलं.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ३३५ साली थीब्ज या ग्रीक शहरानं बंड केलं. अलेक्झांडरनं शहर जमीनदोस्त केलं. सहा हजार माणसं मारली गेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली, असं जुने इतिहासकार लिहितात. पण पिंडार या कवीचं घर मात्र त्यानं राखलं. पिंडार जाऊन तेव्हा शंभरेक वर्षं झाली होती. आम्हा कवीमंडळींना ही गोष्ट फार आवडते. तरुणपणी मीही ती मुशायऱ्यात, कविसंमेलनात रंगवून सांगत असे. टाळ्या मिळत. त्या घराच्या अवतीभवती काय उरलं होतं, हे विचारावं असं तेव्हा मलाही सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आपल्याकडच्या लोकांना झेलमची लढाई माहीत असते. ३२६ सालचा पावसाळा, नदी दुथडी भरलेली, पलीकडच्या काठावर पोरसचे हत्ती उभे. हत्तींच्या वासानं आणि आवाजानं घोडी बुजायची, त्यामुळं समोरून उतार करणं अशक्य. मग अलेक्झांडरनं काय केलं? रोज रात्री काठानं घोडदळ इकडून तिकडं पळवायचं, आरडाओरडा करायचा. पोरस दर वेळी हत्ती घेऊन धावायचा. असं बऱ्याच रात्री झाल्यावर त्यानं धावणं सोडलं. मग एका वादळी रात्री क्रेटेरस या सरदाराला छावणीत दिवे पेटते ठेवायला सांगून अलेक्झांडर वीस-पंचवीस किलोमीटर वर गेला आणि झाडीच्या आडून पाणी उतरला. पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्याला जखम झालेला पोरस सर्वांत शेवटी मैदानातून हलला. आणि कसं वागवू, या प्रश्नावर त्यानं दिलेलं उत्तर, राजासारखं. ते उत्तर आपल्या शाळांतून आजवर पाठ होत आलं आहे. गंमत अशी, की ते आपल्याला ग्रीकांनीच सांगितलं. त्या काळच्या भारतीय साहित्यात अलेक्झांडरचं नावसुद्धा सापडत नाही. आपण ज्याच्यावर इतके सिनेमे काढले, त्याची तेव्हा इथं कुणी दखल घेतलेली दिसत नाही.

बियास नदीवर त्याच्याच सैनिकांनी पुढं जायला नकार दिला. तो तीन दिवस तंबूत रुसून बसला. पण माणसं हलली नाहीत. परतताना मकरानच्या वाळवंटात फौजेचा मोठा हिस्सा तहानेनं आणि भुकेनं गेला. ३२३ साली बाबिलोनमध्ये तो वारला, तेव्हा तेहेतीसही पुरे झाले नव्हते.

माणूस मेला, पण नाव प्रवासाला निघालं. हा प्रवास मला लढायांपेक्षाही थक्क करतो. दाराला हरवणारा हा परका माणूस फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त दाराचाच सावत्र भाऊ होऊन बसला. इराणला जिंकलेल्याला इराणनं पोटचं पोर करून टाकलं! तिथं दारा मरतो तो सिकंदरच्या मांडीवर. निजामीनं त्याच्यावर 'सिकंदरनामा' लिहिला आणि त्याला हकीम, ज्ञानी केलं. कुराणातल्या जुल्करनैनची कथा पुष्कळ भाष्यकारांनी याच्याशी जोडली. मौलाना आझादांनी मात्र जुल्करनैन म्हणजे इराणचा सम्राट सायरस, असं मत मांडलं. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीनं नाण्यांवर स्वतःला 'दुसरा सिकंदर' म्हणवून घेतलं. आणि मग हिंदी सिनेमानं तर नावाचा अर्थच 'जिंकणारा' असा पक्का करून टाकला.

बी.ए.ला मी पुण्यात होतो. कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात बनमस्का-चहावर तास काढायचो. गल्ल्यावर बसणारे म्हातारे मालक जरथुष्ट्री होते. एकदा त्यांनी सहज वडिलांचं नाव विचारलं. मी ऐटीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चांगलं असेल तुमच्यात. आमच्यात हे नाव कुणी ठेवत नाही."

मग त्यांच्याकडून कळलं. जुन्या पहलवी ग्रंथांत या माणसाला 'गुजस्तक', म्हणजे शापित, म्हटलं आहे. बैलाच्या कातड्यांवर सोन्याच्या शाईनं लिहिलेला अवेस्ता त्यानं जाळला, धर्मगुरू मारले, असं तिथं लिहून ठेवलंय. पुढं मी वाचलं, की अवेस्ता तेव्हा मुखोद्गतच होता, लिहिला गेला नंतर कित्येक शतकांनी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ३३० साली पर्सेपोलिसचे महाल जळाले, ते खरं. त्या आगीच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. आणि पोथी जळालीच नसेल, तर ती पाठ असलेली माणसं मेल्यावर काय राहिलं, हा हिशेब म्हाताऱ्यांनी मला घातला. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सोहराब मोदीही पारशीच की, असं मी म्हणालो. "म्हणून तर पोरस झाला," म्हणाले, आणि हसले.

सुट्टीत घरी गेल्यावर अब्बांना हे सांगू नये असं ठरवलं होतं. पण राहवलं नाही. ते केळीचा घड मोडत होते. ऐकून घेतलं सगळं. एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या पोथ्या कशाला जाळायच्या?" आणि पुन्हा घड मोडू लागले. मला वाटलं, विषय संपला.

दोन-तीन महिन्यांनी माझी फी भरायला ते पुण्याला आले. स्टेशनवरून थेट म्हणाले, त्या इराण्याच्या हॉटेलात चल. गेलो. अब्बा टेबलाशी टोपी सारखी करून ताठ बसले. चहा आला, त्यांनी बशीत ओतून प्यायला. पैसे द्यायला गल्ल्यावर आम्ही दोघं गेलो. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं, अब्बांकडं पाहून हात पुढं केला आणि आपलं नाव सांगितलं.

अब्बांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी बागवान," म्हणाले. "मिरजेचा."