हातभर दोरा

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, बाह्य वर्तुळाकार मार्गाच्या कडेला, बेळ्ळंदूर नावाची वस्ती आहे. एके काळी तलावाकाठी वसलेले हे खेडे. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली असून, संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तेथे नांदत आहेत. पुण्या-नागपुराकडची, कोल्हापूर-बेळगावकडची मराठी कुटुंबेही त्यांत थोडी नाहीत. या वस्तीकडे येणारा वर्तुळाकार मार्ग जेथे होसूर रस्त्याला मिळतो, त्या चौकाला सारे शहर ‘सिल्क बोर्ड’ म्हणून ओळखते. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्य कार्यालय तेथे आहे. वाहनांच्या कोंडीमुळे साऱ्या देशात नाव झालेल्या चौकाला रेशमाचे नाव असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. धागा काय किंवा वाहने काय, जागच्या जागी असली तर शोभा, आणि एकमेकांत शिरली की गुंता!

बंगळूर आणि मराठी माणूस यांचे सूत फार पूर्वी जुळले आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. नामदेव शिंपी आणि भावसार या मराठी बोलणाऱ्या समाजांची घरे येथे पिढ्यान् पिढ्या आहेत. शिवणे आणि रंगवणे हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. उत्तरेकडे धारवाडच्या बाजूला कशिद्याची थोर परंपरा. इरकली लुगड्याच्या पदरावर काढलेला तो ‘कसूती’चा कशिदा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलेला आहे. तेव्हा बेळ्ळंदूरच्या एखाद्या नवव्या मजल्यावरच्या घरात कपाटाच्या खालच्या खणात शिवणाचा डबा असावा, यात नवल नाही. प्रश्न आहे तो डबा उघडल्यानंतरचा.

तो डबा बहुधा बिस्किटांचा असतो. झाकण काढावे तो आत लाल, हिरवा, पिवळा असा एकच गोळा दिसतो. त्या गोळ्यात कोठे तरी निळ्या दोऱ्याचे रीळ असते, रिळाला अडकलेली हुकांची माळ असते, आणि खाली तळाशी वाट पाहत बसलेली एक उघडी सुई असते. शर्टाची एक गुंडी लावावयाची म्हणून बसलेली गृहिणी अर्धा तास गुंता सोडविते आणि अखेर कात्री चालविते. कापलेला तो दोरा कचऱ्यात जातो. पण त्याच्याबरोबर आणखीही काही जाते. शहरातल्या धावपळीच्या दिवसात हातकामाला सलग दुपार मिळत नाही. मिळतात ती मधली दहा-पंधरा मिनिटे. ती मिनिटे गुंता सोडविण्यात गेली, की अर्धवट राहिलेला रुमाल पुन्हा घडीत जातो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो. घरातून एखादी कला नाहीशी होते ती कोणी ठरवून टाकल्यामुळे नव्हे. पुष्कळदा ती अशा गुंत्यातच हरवते.

मग हा गुंता होतो तरी कसा? कोणी हात लावला नाही, तरी डब्यातला दोरा आपोआप गुंततो, असा साऱ्यांचाच अनुभव आहे. या अनुभवाला शास्त्राचाही दुजोरा मिळालेला आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघा संशोधकांनी एका पेटीत दोरी टाकून ती पेटी यंत्राने फिरविली, आणि गाठी बसतात की नाही हे पाहिले. एकदा नव्हे, ३,४१५ वेळा! त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. गाठ बसावयास तास लागत नाहीत, काही सेकंद पुरतात, असे त्यांना आढळले. दोरी जितकी लांब, तितकी गाठीची शक्यता काही मर्यादेपर्यंत वाढत जाते. पेटी लहान असेल आणि दोरीला हलावयास जागा नसेल, तर ती शक्यता घटते. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी, की त्यांनी वापरलेली दोरी सुमारे ४६ सेंटिमीटरांहून आखूड असली, तर गाठ बसतच नव्हती.

प्रत्येक प्रकारच्या दोऱ्याला हाच आकडा लागू पडेल असे नाही. तथापि ४६ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दीड फूट, म्हणजेच कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात. सुईत दोरा ओवावा तो हातभरच, ही जुन्या बायकांची शिस्त. पुन्हा पुन्हा ओवण्याचा कंटाळा म्हणून दोन हात दोरा घेणारीचा वेळ वाचत नाही. तो गाठी सोडविण्यात जातो, आणि सुईच्या नेढ्यातून वारंवार घासला गेल्याने दोऱ्याचे तेजही उतरते. कसूतीच्या कामात तर ही शिस्त पाळावीच लागते. तेथे कापडाचे ताणेबाणे मोजून टाका घालतात, दोऱ्याला गाठ मारीत नाहीत, आणि ‘गवंती’ टाक्याचे काम उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागते. लपवावयास मागची बाजूच नसल्यामुळे तेथे गुंत्याला क्षमा नाही.

गुंत्याचे दुसरे कारण दोऱ्याच्या पिळात आहे. शिवणाचा दोरा दोन-तीन पदर एकमेकांभोवती पिळून केलेला असतो. सैल सोडला की तो पीळ मोकळा होऊ पाहतो, दोरा स्वतःभोवती वळतो आणि त्याचे वेटोळे बनते. म्हणून रिळावरून दोरा कसा सोडावा यालाही महत्त्व आहे. ज्या रिळावर दोरा सरळ, एकाशेजारी एक असा गुंडाळलेला असतो, ते रीळ फिरवून दोरा बाजूने सोडावा. ज्यावर तो तिरपा, फुल्याफुल्यांच्या नक्षीने गुंडाळलेला असतो, तो वरच्या टोकाकडून सोडावा. शिवणाच्या कारखान्यांत वापरतात तो मोठा शंकू घरी आणला, तर त्याला यंत्राच्या खुंटीवर बसविण्याची खटपट करू नये. यंत्रामागे एका जड पेल्यात तो उभा ठेवावा, आणि दोरा सरळ वर नेऊन एखाद्या कडीतून यंत्राकडे आणावा. खर्च काही नाही. दोरा तुटण्याचे मात्र थांबते.

आता साधनांकडे वळावे. बाजारात दोरे ठेवण्याच्या खणाखणांच्या सुंदर पेट्या मिळतात. परंतु त्यांवाचून अडत नाही. बंगळूरकरांना घरातला कचरा वेगळा करण्याची शिस्त आहे. ओल्यासाठी एक बादली, टाकाऊ घातक वस्तूंसाठी दुसरी, आणि सुक्यासाठी पिशवी, अशी पद्धत २०१५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे आली. त्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीतच दोऱ्याचा सारा संसार मांडता येईल इतके सामान असते.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारणतः आठ मीटरांची आणि सहा पदरांची असते. तिच्या दोन टोकांपैकी एक ओढले तर लडी सुरळीत सुटते, दुसरे ओढले तर विसकटते. म्हणून पहिल्या दिवशीच ती पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी लग्नपत्रिकेसारखा उत्तम पुठ्ठा नाही. दोन इंच लांब, दीड इंच रुंद असे तुकडे कापावेत, दोन्ही बाजूंना कात्रीने लहान खाचा द्याव्यात, आणि दोरा हलक्या हाताने गुंडाळून त्याचे टोक खाचेत अडकवावे. ताणून गुंडाळला तर दोऱ्याला कायमचे बाक येतात. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो, तो पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावा. हे लहानसे काम न केल्यामुळे किती तरी अर्धे मोर आणि अर्धी कमळे तशीच राहिली असतील! कारण दोरा मध्येच संपतो, दुकानदाराला क्रमांक सांगता येत नाही, आणि नजरेने जुळविलेला हिरवा घरी आल्यावर दुसराच निघतो. एकाच क्रमांकाच्या पण वेगवेगळ्या वेळी रंगविलेल्या दोऱ्यांतही किंचित फरक पडू शकतो. तेव्हा मोठ्या कामाला लागणारा दोरा एकदमच आणावा.

रेशमी दोऱ्याला पुठ्ठ्याच्या कडेची घडी सोसत नाही. जाड कागदाची बोटाएवढी सुरळी करून तिच्यावर तो गुंडाळावा. सहा पदरांतून दोन पदर हवे असतील, तर ते एकत्र ओढू नयेत. एकेक पदर सरळ वर काढून मग दोन जुळवावेत. कामास लागणारे चार-सहा रंग हाताशी हवेत, तर पुठ्ठ्याच्या पट्टीला एका ओळीत भोके पाडून प्रत्येक भोकात एकेका रंगाचे हातभर तुकडे अडकवून ठेवावेत. भोकाशेजारी क्रमांक लिहावा. मिळालेल्या दहा मिनिटांत मग शोधाशोध राहत नाही.

रिळांची सुटी टोके हा निराळा उपद्रव. सायकलच्या जुन्या ट्यूबचे अरुंद काप रिळावर चढविले, तर टोक घट्ट राहते. परंतु हा उपाय थोड्या दिवसांपुरता. रबर जुने झाले की चिकट होते आणि दोऱ्यावर डाग पाडते. जरीजवळ तर ते ठेवूच नये, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. त्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या काठाची पट्टी रिळाभोवती गुंडाळून टाचावी. जर मऊ मलमलीत ठेवावी, वर्तमानपत्रात नव्हे. छपाईची शाई दोऱ्याला लागते. पुष्कळ घरांत सुई रिळाच्या दोऱ्यातच खुपसून ठेवण्याची रीत आहे. ती मोडावी. सुईचे टोक आतल्या थरांतले तंतू तोडते, आणि मग दोरा वारंवार का तुटतो म्हणून यंत्राला दोष दिला जातो.

यंत्राच्या बॉबिनींसाठी मिसळणाचा जुना डबा फार उपयोगी. त्याच्या सात वाट्यांत बॉबिनी, हुक, गुंड्या यांची सुरेख सोय होते. मात्र हळदीचा मागमूस उरता कामा नये. नाही तर पांढऱ्या दोऱ्याचा हळदीसमारंभ व्हावयाचा! अंडी आणण्याचा पुठ्ठ्याचा तबकही त्याच कामी येतो. लहान खण, दाटीवाटीने बसविलेली रिळे, आणि हलावयास न उरलेली जागा, हेच गुंता टाळण्याचे तत्त्व; पेटीच्या त्या प्रयोगानेही तेच दाखविले.

ऊन, दमट हवा आणि कसर हे दोऱ्याचे तीन शत्रू. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवा कोकणासारखी घामट नसते. तरी पावसाळ्यात डब्यात वाळलेली कडुनिंबाची पाने कापडी पुरचुंडीत ठेवणे बरे. खिडकीत पारदर्शक बरण्या मांडल्या तर शोभा येते खरी, पण रंग उडतात. आजीच्या डब्यातला जुना दोरा वापरण्यापूर्वी वीतभर तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहावा. सहज तुटला, तर तो कच्च्या टाक्यांपुरता ठेवावा. पोलक्याच्या बाहीला तो लावला, तर तो ऐन समारंभात आपले वय सांगेल.

राहिला प्रश्न कापलेल्या तुकड्यांचा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु तशी नाही. रांगत्या मुलाच्या घरात जमिनीवर पडलेला दोरा किंवा केस त्याच्या पायाच्या बोटाभोवती आवळून रक्तप्रवाह अडवू शकतो, हे बालरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. कारण न कळता रडणाऱ्या तान्ह्या मुलाची बोटे पाहावीत असे ते सांगतात, ते यासाठीच. घरात मांजर असेल तर तिने गिळलेला दोरा आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो. बाहेर उडालेले तुकडेही निरुपद्रवी नसतात. पॅरिस शहरात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पारव्यांची बोटे झडण्याचा संबंध माणसांच्या वस्तीतून पडणाऱ्या केस-दोऱ्यांशी जोडला गेला. बेळ्ळंदूरला तर टाकून दिलेल्या वस्तूंचे काय होते याचा पाठ डोळ्यांसमोरच आहे. शहरातील सर्वांत मोठा असा तेथील तलाव सांडपाण्याने आणि कचऱ्याने इतका भरला, की त्यावर फेसाचे डोंगर उठले, आणि फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्ये तलावाच्या क्षेत्रात चक्क आग लागली. तो तलाव काही दोऱ्यांनी बिघडविला नाही. परंतु ‘एवढ्याशाने काय होते’ ही वृत्ती मात्र तीच. म्हणून कापलेले तुकडे शिवतानाच एका बरणीत टाकावेत. बरणी भरली की त्यांतून टाचण्यांसाठी छानशी उशी होते.

आणि इतके करूनही गुंता झालाच तर? टोक शोधून ओढू नये. ओढल्याने गाठ आवळते. गुंता पांढऱ्या कापडावर ठेवावा, बोटांनी चहूकडून सैल करावा, आणि वेटोळी मोठी होऊ द्यावीत. सैल झालेल्या गुंत्यातून टोक आपणहून बाहेर येते. ही रीत शिवणाच्या डब्याबाहेरही पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडते, हे प्रपंच केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

पुठ्ठ्याचे काही तुकडे, मिसळणाचा एक जुना डबा, रिकामी बरणी आणि एका दुपारची फुरसत, एवढ्या भांडवलावर हे सारे होते. त्यानंतर बेळ्ळंदूरच्या घरी सुट्टीत आलेली एखादी आजी जेव्हा नातीला गवंतीचा पहिला टाका दाखविण्यास बसेल, तेव्हा तिचा वेळ दोरा सोडविण्यात जाणार नाही. ती डबा उघडील, क्रमांक पाहील, हातभर दोरा घेईल आणि सरळ शिकवावयास लागेल.