कुंपणाला कातर कधी लावायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या मैदानात झालेल्या बैठकीतील भाषण. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलल्यासारखेच ठेवले आहे.)



मला सांगण्यात आलं की वीस मिनिटं बोला, विषय कुंपण. घरातूनच प्रश्न आला, 'कुंपणावर वीस मिनिटं?' पण गेल्या वार्षिक सभेत याच कुंपणावर दीड तास गेला होता, हे आपल्याला आठवत असेल. पाण्याच्या टाकीचा ठराव पाच मिनिटांत मंजूर, आणि झाडांचं कुंपण काढून तिथं पत्रे मारायचे की नाही, हे अजून लोंबकळत आहे. येत्या सभेत तो ठराव पुन्हा येतोय. मी कुंपण ठेवायच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी म्हणायला नको की यांनी गोड बोलून गुंडाळलं.

पत्रे मागणाऱ्यांचं म्हणणं मात्र खोटं नाही. कुंपण खालून उघडं पडलंय, त्यातून कुत्री आणि डुकरं आत येतात. गेटजवळच्या कोपऱ्यावर ते इतकं वाढलंय की आतून येणारी सायकल बाहेरच्या मोटरसायकलला दिसत नाही. मागच्या दिवाळीत तिथं एक पोरगी थोडक्यात वाचली. साप निघतात अशी भीती आहे. आणि उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन झाडांना पाणी घालायचं, हे ज्यांना पटत नाही त्यांचंही चुकत नाही. नकाणे तलाव आणि तापी योजना यांच्या भरवशावर आपलं गाव जगतं, नळ कधी येईल याची वाट पाहण्यात आपला निम्मा उन्हाळा जातो.

या सगळ्याचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. आपण झाड लावलं दुसऱ्या हवेचं, आणि कातर लावतो भलत्याच वेळी.

दक्षिणेकडच्या भिंतीला जो पिवळा डुरांटा आहे, तो पुण्याच्या बंगल्यांत पाहून आणलेला. लोणावळा, महाबळेश्वर, नाशिकचा काही भाग, तिथं हवा सौम्य, पाऊस भरपूर, कापलं की पंधरा दिवसांत पुन्हा भरून येतं. इंग्लंडात तर बारमाही रिमझिम. तिथं कुंपण वाळण्याची चिंता नसते, ते फार वाढण्याची असते. शेजाऱ्याच्या उंच कुंपणामुळे घरात उजेड येत नाही, यावरून तिथं इतकी भांडणं झाली की २००३च्या एका कायद्यात त्यासाठी खास तरतूद करावी लागली. दोन मीटरपेक्षा उंच, बारमाही हिरव्या कुंपणाबद्दल तक्रार करता येते आणि स्थानिक प्रशासन ते कमी करायला लावू शकतं. म्हणजे कुंपणावरून भांडणारे जगात आपण एकटेच नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

आपल्याकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, मध्ये तीन आठवड्यांची उघडीप ठरलेली. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. आणि जानेवारीत कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाचा आकडा पेपरात छापून येतो, सहा-सात अंश. एवढं सगळं एकाच झाडानं सोसायचं असतं.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या शेजारची आहे. इंग्रजांनी मिठावर कर वसूल करण्यासाठी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८६९च्या सुमारास तिची लांबी होती सुमारे २३०० मैल, आणि पहाऱ्यावर जवळजवळ १२००० माणसं. या रेषेच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण होतं, आणि ते आपल्या रावेरच्या पलीकडच्या बऱ्हाणपूरपर्यंत येत होतं. सुरुवातीला नुसती वाळलेली काटी रचलेली. ती वाळवी खायची, वणव्यात जळायची, वादळात उडायची. मग ॲलन ह्यूम तिथं आयुक्त झाले, पुढे १८८५ला काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच ह्यूम. त्यांनी जिवंत झाडांचं कुंपण वाढवायचं ठरवलं. इंग्लंडातली झाडं आणली नाहीत. कुठल्या जमिनीत, कुठल्या पावसात कुठलं काटेरी झुडूप टिकतं हे लावून पाहिलं, आणि बोर, बाभूळ, करवंद, निवडुंगाच्या जाती अशी इथलीच झाडं घेतली. ते कुंपण होतं गरिबाच्या ताटातलं मीठ महाग करण्यासाठी, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. १८७९च्या १ एप्रिलला ती रेषा बंद झाली हे चांगलंच झालं. पण झाड निवडायची रीत बरोबर होती.

आपल्या खेड्यांतल्या वाड्यांभोवती पाहा. शेर, घायपात, निरगुडी, सागरगोटा, विलायती चिंच. त्यांना कोणी टँकर घालत नाही. सोसायटीत मी शेर लावा म्हणणार नाही, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो आणि आपल्याकडे लहान मुलं आहेत. याच कारणासाठी पिवळी कन्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही मैदानाच्या बाजूला नको, तिची बी विषारी असते. डुरांटाची पिवळी फळं पोरं खेळायला तोडतात, तीही खाण्यासारखी नाहीत, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

मग काय लावायचं? रस्त्याच्या बाजूला मेंदी. आपली हाताला लावायची मेंदी. एकदा मूळ धरलं की कमी पाण्यात तग धरते, फांद्या चिवट असतात, कुत्रं घुसत नाही. जिथं शेळ्या येतात, म्हणजे मागच्या नाल्याकडे, तिथं कोयनेल. पानं कडू, शेळी तोंड लावत नाही, फांदी खोचली की लागते, विकत घ्यावी लागत नाही. सावलीतल्या तुकड्याला अडुळसा किंवा कामिनी. अडुळशाची पानं खोकल्याच्या काढ्यासाठी मागायला निम्मी सोसायटी येईल, तेवढं कापायचं कामही वाचेल.

आता कातर. सर्वांत जास्त घोळ इथंच आहे.

आपल्याकडे कुंपण कापतात पाडव्याच्या आसपास किंवा लग्नसराईत, पाहुणे येणार म्हणून. म्हणजे बरोबर उन्हाच्या तोंडावर. वरची जाड पानं गेली की आतली कोवळी, सावलीत वाढलेली पानं उघडी पडतात आणि एप्रिलच्या उन्हात करपतात. मग आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि टँकर बोलावतो. आपल्याकडे पूर्वी येणारे एक माळीबाबा मला म्हणायचे, 'दादा, इले पानी नही, कातर जोयजे.' आणि कातर कधी, तर मृगाचा एक चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की. तेव्हा खोल कापा. गणपतीनंतर एक हलका हात, दसरा-दिवाळीच्या मध्ये शेवटचा. त्यानंतर जूनपर्यंत कातर अडकवून ठेवायची. वाळकी फांदी काढायला सिकेटर पुरतं.

दुसरी गोष्ट आकाराची. आपलं कुंपण वर छत्रीसारखं रुंद आणि खाली काटकुळं आहे. वरच्या फांद्या खालच्यांवर सावली धरतात, उजेड नाही म्हणून खालची पानं गळतात, आणि डुकराला दार मिळतं. ते उलटं पाहिजे. बुड रुंद, शेंडा अरुंद. तळाशी दोन फूट असेल तर वर सव्वा फूट. दोन्ही टोकांना बांबू रोवून सुतळी ताणायची आणि सुतळीवरून कापायचं, नजरेच्या अंदाजानं नाही.

नवीन लावताना लोकांना कापायचा धीर होत नाही. वीतभर रोप आलं, आता वाढू दे म्हणतात. पण शेंडा खुडला नाही तर झाड सरळ वर जातं, बाजूला फुटत नाही. रोप फूटभर झालं की निम्मं कापा. पुन्हा फूटभर वाढलं की पुन्हा. पहिल्या पावसाळ्यात हे केलं तर खालून दाट होतं. मोठं झाल्यावर ते भोक भरणं अवघड असतं. डुरांटाच्या जागी मेंदी लावायची ती जून-जुलैत, दीड फुटाची चारी खणून, शेणखत घालून, दोन ओळींत नागमोडी. आणि पाण्याला ठिबकची एक नळी. ठिबक म्हटलं की जळगाव, ते तर शेजारीच आहे. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल पाणी बरं, मूळ खाली जातं.

अमरवेल दिसली, म्हणजे ते पिवळे दोरे, तर त्याच दिवशी आधाराच्या फांदीसकट कापून टाका. तुकडा राहिला तर पुन्हा धरते. ती खताच्या खड्ड्यातही नको.

गेटचा कोपरा. तिथं माझी सूचना साधी आहे: दोन्ही बाजूंना बारा-बारा फूट, अडीच फुटांपेक्षा उंच काहीही नको. पत्रे लावले तर ते कापता येणार नाहीत, आणि कोपरा कायमचा आंधळा होईल.

सापांचं म्हणाल तर ते कुंपणाला भुलून येत नाहीत, उंदरांच्या मागे येतात. उंदीर येतात कापलेल्या फांद्यांचा आणि जुन्या विटांचा ढीग महिनोन्‌महिने पडून राहतो तिथं. तो ढीग आपण करतो. फांद्या बारीक करून बुडाशी पसराव्यात, जमिनीची ओल टिकते. पेटवू नयेत. आणि कापायच्या आधी आत डोकावून पाहा, बुलबुल आणि शिंपी पक्षी याच दिवसांत घरटं करतात. घरटं असेल तर तेवढा चार फुटांचा तुकडा महिनाभर तसाच राहू द्या. कोणाचं काही बिघडत नाही.

राहिला पैशांचा भाग. माळ्याला आपण महिन्याच्या पगारात झाडलोट, पाणी, कुंपण सगळं बसवलंय. दीडशे फूट कुंपण सुतळीवर कापणं हे दोन दिवसांचं काम आहे. ते वेगळं धरून वर्षातून तीनदा वेगळे पैसे द्यावेत, आणि कातरीला धार लावून सोसायटीनं द्यावी. बोथट कातरीनं फांदी चिरडते, आणि माणसाचा खांदा जातो. त्यानं वेळ चुकवली असं म्हणताना, त्याला कोणत्या महिन्यात कापायला सांगितलं होतं आणि कोणी सांगितलं होतं, तेही वहीत पाहावं.

पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटाची साफसफाई पाणी घेणाऱ्या सगळ्यांकडे असायची. आपल्या कुंपणाला मात्र ज्याच्या दारासमोर ते आहे तो म्हणतो सोसायटीचं, आणि सोसायटी म्हणते तुमचं. ठरावात हे एकदा लिहून टाका. एवढी एक पावसाळ्याची मुदत मागतो. पुढच्या जूनपर्यंत खालचं भोक भरलं नाही, तर पत्र्याच्या ठरावाला मीच अनुमोदन देईन.

सुतळीचा बंडल माझ्याकडे आहे, बांबू मागच्या गल्लीतून आणावे लागतील. प्रश्न असतील तर विचारा, फक्त गेटजवळच्या निंबाचा विषय आज नको. तो झाड तोडण्याच्या परवानगीचा मामला आहे, आणि त्याला वीस मिनिटं पुरणार नाहीत.